अक्कलदाढ आणि दशकंठ

दाढ काढायचीच होती तर जळगावात काढायला हवी होती. निघायच्या आधी आठवडाभर ठणकत होती. पण चाळीस जणांचे पासपोर्ट, बॅगांची वजनं आणि 'तिकडे आपल्यासारखा चहा मिळतो ना?' असले फोन, यात मी दाढेत लवंग धरून विमानात बसलो. बँकॉकला दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठावा लागला. डॉक्टरीणबाईंनी आडवी रुतलेली अक्कलदाढ तुकडे करून काढली, टाके घातले आणि हातात कागद दिला: थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, आज चूळ भरू नका. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निसटली तर खालचं हाड उघडं पडतं, आणि मग आधीची दाढदुखी बरी होती म्हणायची वेळ येते. शेवटची सूचना, बोलणं टाळा. टूर मॅनेजरला!

दुसऱ्या सकाळी ग्रँड पॅलेस. 1782 मध्ये पहिल्या राम राजाने राजधानी नदीच्या या काठाला आणली, तेव्हा बांधायला घेतलेला राजवाडा. त्याच आवारात पाचूच्या बुद्धाचं देऊळ, वाट फ्रा केओ. खांदे-गुडघे उघडे असतील तर दारातूनच परत. रावेरचे एक केळीवाले काका बर्मुडा घालून आले होते. त्यांना बाहेरून हत्तींच्या छापाची ढगळ पॅन्ट घ्यावी लागली. नऊवारीतल्या बायका सरळ आत.

थायलंडमध्ये गाइडचं काम तिथल्याच माणसाने करायचं, असा कायदा आहे. आमची गाइड इंग्रजीत सांगते, मी मागून मराठी करतो. त्या दिवशी मी बर्फाची पिशवी गालाला धरून नुसती मान हलवत होतो. फाटकाशी उभ्या हिरव्या राक्षसाकडे बोट करून ती म्हणाली, "तोत्सकान." सगळे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. तेवढ्यात मागून अमळनेरच्या जिजी ओरडल्या, "दशकंठ! रावन शे हाऊ!"

मी मान हलवली. झालं, माझी नोकरी गेली.

वाडी संस्थानात कीर्तनं ऐकत सत्तरी गाठलेली बाई. देवळाभोवतीच्या ओवऱ्यांत 178 चित्रांमध्ये रामकियेन, म्हणजे थाई रामायण रंगवलंय. एरवी मी चारपाच चित्रं दाखवून लोकांना पुढे हाकतो. जिजींनी हाकू दिलं नाही. मारुती इथे पांढराशुभ्र, पण त्यांनी शेपटीवरून ओळखला. गाइड बिचारी इंग्रजीत सुरू करायची, तोवर इकडे अहिराणीत प्रसंग संपलेला असायचा.

मग सेतूचं चित्र आलं. अर्धी बाई, अर्धी मासळी, आणि तिच्या अगदी अंगाशी मारुती. मला गोष्ट ठाऊक होती. ती रावणाची मुलगी, सुवर्णमच्छा. सेतूचे दगड पळवायला आली, हनुमान तिच्या प्रेमात पडला, पुढे दोघांना मुलगा झाला. शनिवार धरणाऱ्या माणसांना हे कोण सांगणार? म्हणून मी इथून दर वेळी भरभर निघतो. जिजी थबकल्या. चष्मा पुसला. आणि ठाम आवाजात म्हणाल्या, "मकरध्वजनी माय शे. घाम गिळी लिधा तिनी."

सगळ्यांनी हात जोडले. केळीवाल्या काकांनी तर पॅन्ट सावरत वाकून नमस्कार केला. गाइडने माझ्याकडे पाहिलं. मी बर्फाची पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

आत बुद्धाची मूर्ती जेमतेम 66 सेंटीमीटर. नाव पाचूचं, दगड जेडचा. उन्हाळा, पावसाळा, हिवाळा अशी वर्षातून तीनदा वस्त्रं बदलतात, तीही राजाच्या हातून. एवढं मात्र मी मोबाइलवर टाइप करून दाखवलं. जिजींनी पाय दुमडून बसल्याबसल्या विचारलं, "थंडीमा शाल टाकतस का?" टाकतात, सोन्याची. मी पुन्हा मान हलवली.

रात्री हॉटेलात आमच्या महाराजांच्या डोक्यावर उभं राहून जिजींनी माझ्यासाठी गुरगुटी खिचडी करवून घेतली. "मिरची टाकेल नही शे, खाय," म्हणाल्या. पहिलाच घास टाक्यांवरून गेला आणि डोळ्यांत पाणी आलं. खान्देशात मिरची टाकली नाही म्हणजे दोनच टाकल्या.