डोक्याला तेल लावून येऊ नये

आमच्या दारावर आत शिरताना पहिली दिसते ती फर्मच्या नावाची पाटी नव्हे. 'डोक्याला तेल लावून येऊ नये' असा कागद तिथं चिकटवलेला आहे. गोव्यातली आई मुलाला डॉक्टरकडे नेताना खोबरेल चोपडून, नीट भांग पाडून नेते, आणि खोबरेलावर मेंदूच्या लहरी टिपणारा इलेक्ट्रोड बसत नाही. पहिल्या वर्षी निम्मी शनिवार सकाळ आमची मुलांची डोकी धुण्यात जायची. अजूनही मोरीत शिकेकाईची पुडी असते.

2016च्या दसऱ्याला फोंड्यात, तिस्कजवळ एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, न्यूरोफीडबॅकसाठी, म्हणजे मुलाला त्याच्याच मेंदूच्या लहरी पडद्यावरून कळवून त्या सावरायला शिकवण्यासाठी. मी त्याआधी अकरा वर्षं एका इस्पितळात ईईजी, म्हणजे मेंदूच्या लहरींचा आलेख, काढायचो. धाकटी बहीण क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वसन परिषदेची, नोंदणी असलेली. कर्ज मागायला गेलो तेव्हा बँकेतल्या साहेबांनी विचारलं, "म्हणजे हे इस्पितळ की ट्यूशन?" त्या वेळी राग आला होता. आज विचाराल तर प्रश्न बरोबर होता असंच म्हणेन.

काम वरवर सोपं आहे. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावायची, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. दोन्हींचे मध्य जिथं जुळतात तो बिंदू सीझेड. तिथली त्वचा जेलनं हलकीशी घासायची, पेस्ट भरलेली इलेक्ट्रोडची वाटी दाबून बसवायची, विजेचा रोध पाच किलोओहमच्या खाली आला की सुरुवात. समोर कार्टून चालू असतं. सेकंदाला 4 ते 8 आवर्तनांच्या संथ थीटा लहरी वाढल्या की चित्र मंद होतं, जलद बीटा सावरली की उजळतं. मुलानं काय करायचं हे कुणी सांगत नाही, त्याचं त्यालाच सापडावं लागतं. मूल जबडा आवळून बसलं तर मात्र स्नायूंचाच सिग्नल मेंदूचा म्हणून मोजला जातो, म्हणून माझं अर्धं लक्ष स्क्रीनवर आणि अर्धं मुलाच्या गालावर असतं. प्रत्येक आजीचा पहिला प्रश्न ठरलेला: "करंट मारचो ना मू रे?" नाही आजी, यंत्र करंट देत नाही, डोक्यातला मोजतं, तोही इतका बारीक की मायक्रोव्होल्टमध्ये.

करंटवरून आठवलं. पहिल्या महिन्यात स्क्रीनवरची रेषा सुरवंटासारखी जाड दिसायची. अँप्लिफायर सेकंडहँड घेतला होता, फसलो असं वाटून दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी खालची पिठाची गिरणी बंद होती आणि रेषा स्वच्छ! घरातल्या विजेचा 50 हर्ट्झचा गोंगाट, आणि इमारतीला अर्थिंग नावापुरतं. मागच्या अंगणात खड्डा खणून मीठ-कोळसा घालून स्वतंत्र अर्थिंग केलं, लॅपटॉप बॅटरीवर चालवायला लागलो. अर्थिंगचा खर्च आमच्या प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये नव्हता.

दुसरी चूक माझ्या हातची. पहिल्या पत्रकावर मी ठळक छापलं होतं, 'एडीएचडीवर औषधाविना खात्रीचा उपाय'. एडीएचडी म्हणजे मुलाचं लक्ष न टिकणं आणि अतिचंचलपणा. एका बालरोगतज्ज्ञांनी ते पत्रक टेबलावर ठेवून मला समोर बसवलं आणि दोनच प्रश्न विचारले: खात्री कुणी दिली, आणि औषध बंद करायला सांगायचा अधिकार तुला कुणी दिला? 1954चा जाहिरातींचा कायदा आहे, मेंदूच्या विकारांवर असले दावे छापता येत नाहीत, हे मला तिथं कळलं. उरलेली दोन हजार पत्रकं चवथीला, गणपतीवर बांधतात त्या फळा-भाज्यांच्या माटोळीखालचे नारळ ठेवायला कामी आली. ते डॉक्टर आज आमच्याकडे मुलं पाठवतात, पण चिठ्ठीवर नेहमी लिहितात: 'औषध चालू ठेवून'.

धंद्याच्या दृष्टीनं 2019 सर्वांत चांगलं वर्ष. शनिवारी चौदा सेशन, बाहेर पायऱ्यांवर चपलांचा ढीग. 40 सेशनचं पॅकेज, पैसे आगाऊ. मग 2020चा लॉकडाऊन आला. डोक्याला हात लावल्याशिवाय आमचं काम होत नाही, त्यामुळे पाच महिने कुलूप.

त्याहून मोठा धक्का संशोधनातून बसला. या विद्येची गोष्ट सांगायला गोड आहे: 1960च्या दशकात लॉस एंजेलिसमध्ये बॅरी स्टर्मन यांनी मांजरांना 12 ते 15 हर्ट्झची लहर वाढवायला शिकवली आणि रॉकेटच्या इंधनाच्या वाफांनी येणारे झटके त्या मांजरांना उशिरा आले. मीही ही गोष्ट पालकांना रंगवून सांगायचो. पण अमेरिकेत 7 ते 10 वयाच्या 144 मुलांवर एक चाचणी झाली. काही मुलांना खरं न्यूरोफीडबॅक, बाकीच्यांना हुबेहूब तसंच दिसणारं नकली. कुणाला काय मिळतंय हे ना मुलांना ठाऊक ना पालकांना. दोन्ही गट सुधारले, आणि दोघांत दखल घेण्याजोगा फरक निघाला नाही. डिसेंबर 2024मध्ये 'जामा सायकिअॅट्री'त 38 चाचण्यांचा एकत्रित आढावा आला, तोही एडीएचडीच्या मूळ लक्षणांबाबत आमच्या बाजूचा नव्हता.

बहिणीनं तो आढावा छापून माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "दादा, आता पॅकेज विकायचं नाही." आम्ही आठवडाभर भांडलो. शेवटी आगाऊ पैसे घेणं बंद केलं. आता दहा सेशन, आधी आणि नंतर शाळेतल्या बाईंनी भरलेला फॉर्म, फरक नसेल तर तिथंच थांबायचं. जे माहीत आहे ते पालकांना पहिल्या भेटीत सांगतो. उत्पन्न तिसऱ्या हिश्शानं उतरलं. काही पालक उठून दुसरीकडे गेले, जिथं अजून 'खात्री' मिळते.

त्या काळात एका रिसॉर्टनं हात दिला, हे नाकारत नाही. पर्यटकांसाठी डोळे मिटून अल्फा, म्हणजे निवांतपणाच्या, लहरींचं सेशन, पाऊण तासाचं. नोव्हेंबर ते मार्च असे दोन सीझन मी स्कूटरवर पेटी बांधून किनाऱ्यावर जायचो. पैसे बरे, वर जेवण. नवा अँप्लिफायर त्याच पैशांतून आला. तीन दिवसांसाठी आलेल्या माणसाचा मेंदू काय शिकणार, पण शांत बसून बरं वाटतं, तेवढंच मी सांगायचो. मग त्यांच्या माहितीपत्रकात छापून आलं, 'तीन बैठकांत नैराश्यमुक्ती'. माझं जुनं पत्रक आठवलं, आणि मी बाहेर पडलो. बहिणीच्या मते मी एक सीझन उशीर केला.

पुढचं काय, असं नवीन लोक विचारतात. बाजार अमुक इतक्या डॉलरचा होणार असे अहवाल इंटरनेटवर ढिगानं आहेत. आमचा बाजार अपॉइंटमेंटच्या वहीत मोजला जातो, आणि विम्यातून सेशनचे पैसे मिळाले असा एकही पालक त्या वहीत नाही. म्यूजसारखे घरी वापरायचे हेडबँड 2014पासून मिळतात, पालक ते घेऊन येतात आणि विचारतात, "याच्यावरच करू का?" कपाळावर आणि कानामागे सेन्सर, पेस्ट नको, तेलाची पण फिकीर कमी. डोळ्यांची उघडझाप त्यात फार शिरते, पण दर वर्षी सुधारतंय हे कबूल करायला हवं. नुसतं यंत्र भाड्यानं देणाऱ्यांचा धंदा पाच वर्षांत उरेल असं मला वाटत नाही. खेळाडूंकडून थोडी आशा आहे. अभिनव बिंद्रानं केलं होतं, हे वाक्य बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचे वडील हमखास ऐकवतात. तिथं निदान आजार बरा करण्याचं ओझं नाही.

एका अॅपवाल्यांनी आमच्याकडची जुनी रेकॉर्डिंग मागितली होती, "नावं काढून द्या, चांगला भाव देऊ". भाव खरंच चांगला होता. चिलीनं 2021मध्ये मेंदूच्या माहितीचं संरक्षण राज्यघटनेत घातलं, आपल्याकडे 2023च्या डिजिटल माहिती संरक्षण कायद्यात मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती सांगितली आहे. चारशे पालकांना फोन करून काय विचारणार होतो? दिली नाहीत.

सध्या खणात 19 चॅनेलच्या, म्हणजे डोक्यावर 19 जागी एकदम मोजणाऱ्या, यंत्राचं कोटेशन पडून आहे, साडेसहा लाखांचं. मला ते हवंय, खोटं कशाला बोलू. बहीण म्हणते, नकली सेशन मिळालेली मुलंसुद्धा सुधारली ती कशानं, ते आधी शोध: कुणीतरी आठवड्यातून तीनदा शेजारी बसलं, शाबासकी दिली, म्हणून असेल. त्या पैशांत दोन वर्षं अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांसाठी एक रेमेडियल टीचर ठेवता येईल. सोमवारी बांदोड्याहून एक बाई मुलाखतीला येणार आहेत. कोटेशनची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे.