बाईंची बिजागरी

आमच्या आठवीच्या वर्गाचं दार फार कुरकुरायचं. शास्त्राच्या बाईंनी एकदा ते दोनदा उघडून मिटलं आणि म्हणाल्या, "हा तुमचा कोपर." मग पिशवीतून घरचा खलबत्ता काढला, बत्ता सगळीकडून गरगर फिरवला. "हा खांदा. आणि खल खोल असेल तर खुबा." खांद्याची खोबण उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो आणि म्हणूनच तो निखळतोही लवकर. लालबागच्या पोरांना हे वेगळं सांगायला नको होतं. दहीहंडीनंतर वर्गात एखादा हात झोळीत असायचाच.

मानेचं तर त्यांनी फार मजेत सांगितलं. "हो" म्हणताना कवटी पहिल्या मणक्यावर झुकते, "नाही" म्हणताना पहिला मणका दुसऱ्याभोवती फिरतो. "तुमचा दुसराच जास्त झिजणार!"

मी सुताराचा मुलगा. विचारलं, "बाई, कोपरात तेल कोण घालतं?" बाई खूश झाल्या. सांध्याभोवतीचं आवरण स्वतःच वंगण तयार करतं. निरोगी गुडघ्यात ते चहाचा चमचाभरही नसतं. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, तिचं पोषणही त्यातूनच, आणि तेही हालचाल झाली तर.

पुढे वडिलांचाच धंदा धरला. तीस वर्षं उकिडवं बसून चौकटी बसवल्या आणि गुडघ्यातली गादी फाटली. परळच्या डॉक्टरांनी प्लॅस्टिकचा गुडघा हातात दिला. मी तो सुताराच्या नजरेनं पाहिला. बाई, हा दाराच्या बिजागरीसारखा नाही हो! याला पिनच नाही. मांडीचं हाड खालच्या हाडावर गडगडतं, घसरतंही. दोन्ही बांधलेली आहेत ती अस्थिबंधांनी. पाय सरळ होताना शेवटी नडगीचं हाड किंचित बाहेर वळतं आणि सांध्याला जणू कडी लागते. म्हणून तर दादरहून विरारपर्यंत उभ्यानं जाता येतं. वाकताना ही कडी गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू काढतो. अशी बिजागरी माझ्याकडून व्हायची नाही.

हे बाईंना सांगायचं होतं, उशीर झाला.

अमृतमहोत्सवाच्या बैठकीला गेलो तेव्हा वर्ग पाहून आलो. तिथं आता ॲल्युमिनियमचं सरकतं दार आहे. कोपर कशावर शिकवतात, ते विचारायचं राहून गेलं.