कुठलं अ‍ॅसिड ते आधी सांग

जानेवारी लागला की बडोद्यातल्या अ‍ॅक्टिव्हांना शिंगं फुटतात. हँडलच्या एका टोकापासून निघून डोक्यासमोरून कमान घेत दुसऱ्या टोकाला येणारी ती सळई, उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीच्या पतंगांच्या दिवसांत, मांजा गळ्यात येऊ नये म्हणून. रावपुऱ्यात, मांडवीत, जिथे बघाल तिथे रस्त्याच्या कडेला एक माणूस सळयांचा भारा घेऊन बसलेला असतो आणि सिग्नल सुटायच्या आत बसवून देतो. माझ्या गाडीला त्या दुपारी बसवत होता तेव्हा मागे बसलेला पुण्याचा भाचा सळईला टिचकी मारून म्हणाला, मावशी, ह्याच्यापेक्षा हेल्मेट घाल की फुल फेसवालं. मी म्हटलं हेल्मेट आहे, पण मांजा हनुवटीखालून येतो बाबा, बाजूने येतो, आपण मान वळवली की तिथून येतो. तो जरा विचार करून म्हणाला, म्हणजे फेसहगरसारखं.

आता हे फेसहगर प्रकरण असं की आदल्या रात्री त्याने आम्हाला 1979 सालचा 'एलियन' हा सिनेमा दाखवला होता. आम्हाला म्हणजे मला आणि बाबांना. आई पहिल्या दहा मिनिटांत "सगळं अंधारातच आहे का रे" म्हणून चिक्कीचा गूळ बघायला निघून गेली ती आलीच नाही. ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको, तो केन नावाचा माणूस अंडं वाकून बघतो, चांगला अंतराळातला सूट घालून, हेल्मेट लावून, आणि तरी ते आठ बोटांचं जनावर, म्हणजेच फेसहगर, हेल्मेटची काच वितळवून आत जातं आणि तोंडाला चिकटून बसतं. भाच्याचा मुद्दा असा की काच वितळली ही आयडिया फालतू आहे, भविष्यातल्या लोकांनी जरा जाड काच करायला काय झालं होतं.

बाबा एवढा वेळ गप्प होते. चौतीस की पस्तीस वर्षं केमिकल प्लांटमधे काढलेला माणूस, सिनेमात लोक किंचाळायला लागले की ह्यांना पेंग येते. पण काच आणि वितळणं हे शब्द कानावर आल्यावर जागे झाले. म्हणाले, जाड-पातळचा प्रश्नच नाही. कुठलं अ‍ॅसिड ते आधी सांग, मग मी हातमोजा सांगतो.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. आमच्याकडे भांडी घासायचा हातमोजासुद्धा बाबांच्या मंजुरीशिवाय येत नसे. नायट्राइलचा हातमोजा पेट्रोल-तेलाला छान टिकतो पण अ‍ॅसिटोनमधे काही मिनिटांत मऊ पडतो, ब्युटाइलचा अ‍ॅसिटोनला उत्तम पण पेट्रोलला बाद, साधं रबर तेलात फुगतं, म्हणजे एक हातमोजा घातला आणि जग जिंकलं असं नसतंच. आणि जो टिकतो तोसुद्धा टिकतो म्हणजे किती, तर अमुक इतकी मिनिटं. ह्याला प्लांटवर ब्रेकथ्रू टाइम म्हणतात. हातमोजा बाहेरून अगदी शाबूत दिसत असतो आणि द्रव्य मात्र हळूहळू आतून झिरपून पलीकडे पोचलेलं असतं. आम्ही बहिणी अ‍ॅसिटोनने नेलपॉलिश काढायला बसलो की बाबा पेपराआडून बघत असायचे, बोलायचे काही नाहीत, पण बघत असायचे. त्यामुळे मला आजपर्यंत कुठल्याही सिनेमातला हीरो एकच सूट घालून आग, विष, किरणं आणि दात ह्या चारही गोष्टींतून सुखरूप बाहेर आला की गुदमरायला होतं.

तर बाबांनी सिनेमा पॉज करायला लावला. तोपर्यंत त्या जनावराचं रक्त जहाजाच्या एकेका मजल्याला भोक पाडत खाली चाललं होतं आणि लोक वर बघत खाली धावत होते. बाबा म्हणाले, हे लोखंड खातं ना? मग हे ठेवलंय कशात?

भाचा म्हणाला, म्हणजे?

म्हणजे असं की हायड्रोफ्लुओरिक अ‍ॅसिड काच खातं म्हणून ते काचेच्या बाटलीत कोणी ठेवत नाही, प्लॅस्टिकच्या बाटलीत येतं. तेव्हा कुठलंही अ‍ॅसिड आलं की पहिल्यांदा बाटली बघायची. बाटलीचं जे मटेरियल, त्याच्या जवळपासचा हातमोजा शोधायचा. ह्या जनावराच्या अंगात तेच अ‍ॅसिड फिरतंय आणि ते स्वतः विरघळत नाहीये, म्हणजे ह्याचं कातडं हीच बाटली. एक मारा, कातडं काढा, बाकीच्यांना हातमोजे शिवा.

मला हे इतकं पटलं की मी उठून चहा टाकला. जहाजावर तो अ‍ॅश नावाचा शास्त्रज्ञ आहे तोही सांगतो की हे आपल्या पेशी टाकून त्या जागी सिलिकॉन भरतं, म्हणजे बाबांचं उत्तर सिनेमातच पडलेलं आहे, फक्त उचलायला कुणाला सुचलं नाही. अर्थात मारायचं कसं हा प्रश्न राहतोच, कारण मारलं की रक्त. बाबांनी तेवढा भाग हाताने उडवून लावला.

सिनेमा पुढे सुरू झाला पण माझं लक्ष उडालं होतं. मला आमच्या दांडियाबाजारच्या जुन्या घरातला सयाजीराव महाराजांचा फोटो आठवत होता. त्या फोटोच्या मागे दरवर्षी कुंभारीण माशी घर करायची. कंबर धाग्याएवढी, बाकी सगळा राग, तोंडात ओल्या मातीची गोळी घेऊन खिडकीतून यायची आणि भिंतीवर छोटे छोटे मडके बसवून जायची. आजी ते काढू द्यायची नाही. कीर्तनात ऐकलेलं ती आम्हाला सांगायची, की ती माशी अळीला आणून मातीत कोंडते, बाहेरून गुणगुण करते, अळी भीतीने रात्रंदिवस माशीचंच ध्यान करते आणि ध्यान करता करता एक दिवस स्वतःच माशी होऊन बाहेर पडते. तसं आपण देवाचं ध्यान करावं. भ्रमर-कीट म्हणायची ती त्याला.

एका मे महिन्यात आजी बारशाला गेलेली असताना मी स्टुलावर चढून उलथण्याने एक मडकं फोडलं. आत चार-पाच हिरव्या अळ्या एकीला एक चिकटून. मेल्या असतील म्हटलं तर बोट लावल्यावर एकीने शेवटचा भाग जरासा हलवला, हलवला म्हणजे काय, थरथरली. आणि छताला केसाएवढ्या दोऱ्याने टांगलेलं एक पांढरं अंडं. मी ते बराच वेळ बघत उभी होते. ध्यान वगैरे काही चाललेलं नव्हतं. माशीने नांगी मारून त्यांना गप्प केलं होतं आणि वरचं अंडं फुटलं की आतलं पिल्लू त्यांना ताजं ताजं खाणार होतं. मी आजीला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, मग, शेवटी माशीच बाहेर आली ना?

ह्या जातीच्या माश्यांमधे ज्या लाकूड पोखरणाऱ्या अळ्यांच्या मागावर असतात त्यांची तर कमाल आहे. अळी बिचारी लाकडात खोल जाऊन बसलेली, ह्यापेक्षा जास्त प्रोटेक्टिव्ह गिअर काय असणार, आख्खं झाड अंगावर घेतलंय, आणि ही बाई वरून सुईसारखी नळी लाकडात घालून बरोब्बर तिच्यापर्यंत अंडं पोचवते. काही जातींच्या नळीच्या टोकात तर चक्क जस्त असतं, ते लाकूड कापायला. सिनेमावाल्यांनी नवीन काय केलं मग? फेसहगरही माणसाच्या अंगात पिल्लू ठेवूनच जातो, म्हणजे माणूस अळीच्या जागी ठेवला, बस.

(उलटंही लिहिलेलं आहे म्हणा. 1898 साली एच. जी. वेल्सने मंगळावरचे लोक पृथ्वीवर पाठवले, यंत्रं काय, किरणं काय, सगळी तयारी, आणि शेवटी मेले ते इथल्या जंतूंनी. मास्क विसरले.)

खरं तर त्या जहाजावर हेल्मेट हरलं म्हणून घोटाळा झालाच नव्हता. केनला परत आणतात तेव्हा जहाजावरची अधिकारी रिप्ले आतून सांगते की चोवीस तास क्वारंटाइन, दार उघडणार नाही. नियम तिच्या बाजूने. आणि अ‍ॅश दार उघडतो. त्या अ‍ॅशवर भाचा अजून चिडलेला होता, बाबा मात्र म्हणाले कारखान्यातले निम्मे अपघात असेच, सूट चांगला असतो, कुणीतरी दार उघडतं, कारण बाहेर ओळखीचा माणूस ओरडत असतो. आता ह्यावर काय बोलणार.

अपोलो 11 चं तेच झालं होतं. चंद्रावर जंतू असले तर, म्हणून तिघांना चंद्रावरून निघाल्यापासून 21 दिवस वेगळं ठेवायचं ठरलेलं, खास बंद कपडे शिवलेले, परत आल्यावर राहायला बंद गाडी. आणि 24 जुलै 1969 ला यान समुद्रात पडल्यावर ते कपडे आत द्यायचे तर दार उघडायला नको का? उघडलं. पाणबुड्याने कपडे आत टाकले, आतली हवा बाहेर आली, सगळा पॅसिफिक समोर पसरलेला. नशीब की चंद्रावर काही नव्हतं. अपोलो 14 नंतर तो प्रकारच बंद केला.

भाच्याचं एवढ्याने समाधान होईना. त्याला बघायचं होतं की कुठला तरी सूट, कुठला तरी, फेसहगर थांबवू शकतो की नाही. त्याने वहीत बाणबिण काढून डिझाइन केलं, मानेला कॉलर, काचेवर सोन्याचा मुलामा कारण सोनं अ‍ॅसिडला सहसा दाद देत नाही, वगैरे. बाबांनी चष्मा लावून बघितलं आणि विचारलं, ह्यात श्वास कुठून? तिथे एक भोक निघालं.

मग मीच म्हटलं, आपल्याकडे मगरी कशा धरतात?

हे भाच्याला नवीन होतं. पावसाळ्यात विश्वामित्री भरली की मगर सोसायटीत येते, पार्किंगमधे, कुणाच्या बाथरूमच्या मागे, 2024 च्या ऑगस्टच्या पुरात तर रस्त्यांवरून फिरत होत्या. धरायला जी पोरं येतात त्यांच्या अंगावर मी आजवर कसलंही चिलखत बघितलेलं नाही. टी-शर्ट, चपला, एक दोरी. आमच्या समोरच्या सोसायटीत आलेली मी गॅलरीतून बघितली. आधी दोरीचा फास, मग लांबूनच तिच्या डोळ्यांवर ओलं गोणपाट टाकलं, ती गप्प झाली, एकाने पाठीवर बसून दोन्ही हातांनी जबडा दाबला, दुसऱ्याने टेप गुंडाळली. मगरीचा जबडा मिटताना हाड मोडतो पण उघडायला तिच्यात ताकद फार नसते, त्यामुळे टेप पुरते. पाचव्या मजल्यावरच्या बेन वरून ओरडत होत्या, भाई संभाळजो, आणि खालचा पोरगा टेप दाताने तोडत होता.

बाबा खुर्चीत पुढे सरकले. म्हणजे गिअर आपण घालायचंच नाही, त्याला घालायचं.

हो.

भाचा म्हणाला, पण फेसहगरला डोळे नसतात, आजोबा.

मग गोणपाट नको. बोटं बांधायची. आठ आहेत ना? दोन-दोनची जोडी करून टेप.

आणि शेपूट? त्याने ती गळ्याभोवती आवळतो.

बाबांनी थोडा वेळ विचार केला. शेपटीचं नंतर बघू म्हणाले, आणि चिक्की झाली का ते बघायला आत गेले.