मतलईवर पाच बोटी

दुसऱ्यांच्या बोटी सांभाळून मी पोट भरतो. पुण्या-मुंबईच्या हौशी मंडळींनी घेतलेल्या शिडाच्या छोट्या बोटी गोव्यात उभ्या असतात. मालक सवड काढून अधूनमधून येतात. एरवी गंजलेले शॅकल, म्हणजे दोर-साखळ्या जोडायच्या कड्या, बदलणं, शिडांचे उसवलेले टाके बघणं, पावसाआधी बोट नदीत आत नेऊन बांधणं हे माझ्याकडे. लांबचा पल्ला मारायचा असला की स्किपर म्हणूनही मीच. मूळचा वेंगुर्ल्याचा. आजोबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे, वडील एसटीत लागले, आणि मी फिरून पाण्यावर आलो.

दर थंडीत या बोटवाल्यांचा एक मेळावा होतो. मेळावा हा शब्द जरा मोठाच आहे. चार-पाच बोटींनी मिळून निघायचं, दक्षिणेला कुठेतरी नांगर टाकायचा, बोटी एकमेकींना बांधून जेवायचं, मध्यरात्रीपर्यंत गप्पा छाटायच्या आणि सकाळी परत फिरायचं. त्या खेपेला पाळोळे ठरलं. मी एका डॉक्टर जोडप्याच्या 26 फुटी बोटीवर होतो.

दोनापावल्याहून पाळोळे सुमारे 30 सागरी मैल. मोटारीनं हे अंतर किरकोळ. आमची बोट ताशी पाच मैल चालली तरी आम्ही खूश असतो. थंडीत या किनाऱ्यावर वाऱ्याचं वेळापत्रक बहुतेक ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई सुटते, गार आणि कोरडी. उन्हं चढली की ती पडते. मग मधला काही वेळ शिडं नुसती फडफडत राहतात, आणि दुपारी वायव्येचा खारा वारा उठतो तो दिवेलागणीपर्यंत. या दोन वाऱ्यांवर स्वार होता आलं तर इंजिनाला हात लावावा लागत नाही. म्हणून आम्ही अंधारातच शिडं चढवली. मुरगावच्या टोकाबाहेर नांगरून पडलेली मोठी जहाजं दूर ठेवत, ग्रांद बेटाच्या आतल्या अंगानं, पर्यटकांच्या बोटींची वर्दळ सुरू व्हायच्या आधी बाहेर पडलो.

बेतूलच्या पुढे जाळ्यांच्या खुणा लागल्या. बांबूला बांधलेलं काळं फडकं, थर्मोकोलचा तुकडा, कुठे तेलाचा रिकामा कॅन. डॉक्टरीणबाई नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, बसून 'डावीकडे झेंडा' म्हणून ओरडायच्या आणि मी सुकाणू वळवायचो. दुपारी वारा बारा-चौदा नॉटवर गेला तशी बोट खरी पळायला लागली. काब द रामच्या कड्यापासून मी मैलभर बाहेरच राहतो. लाट कड्यावर आपटून उलटी फिरते आणि येणाऱ्या लाटेशी भिडते, त्या गुंत्यात छोटी बोट नुसती उचकटत राहते. डॉक्टरांना किल्ल्याचा फोटो जवळून हवा होता. दिला नाही.

पाळोळ्याचा उपसागर चंद्रकोरीच्या आकाराचा. उत्तरेच्या टोकाला छोटं बेट, त्याच्या आडोशानं वायव्येची लाट बरीचशी अडते. तळ वाळूचा, नांगर छान रुततो. ताफ्यातली सगळ्यांत मोठी बोट आधीच पोचली होती. तिच्या मालकांनी उपसागराच्या मधोमध, किनाऱ्याच्या बऱ्याच जवळ, साडेचार मीटर पाण्यात नांगर टाकला होता. जागा ठरवण्याचा मान त्यांचा. नारळीखाली दोन होड्या आणि ताडपत्रीनं झाकलेला जाळ्याचा ढीग मला दिसला होता. मी म्हटलंसुद्धा, 'साहेब, इथे रापण लागत असणार.' ते हसले. 'अरे, सगळा किनारा शॅकवाल्यांचा झाला. आता कोण ओढतंय रापण?'

पाच बोटी एकत्र बांधणं हे बघण्यासारखं काम असतं. नांगर फक्त मधल्या मोठ्या बोटीचा, बाकीच्यांनी दोन्ही बाजूंना येऊन बिलगायचं. मध्ये फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या उशा. पुढे-मागे दोर घ्यायचेच, शिवाय तिरके दोरही घ्यायचे, नाहीतर बोटी एकमेकींना घासत पुढे-मागे सरकत बसतात. लोक विसरतात ते डोलकाठ्यांचं. दोन बोटींच्या डोलकाठ्या अगदी समोरासमोर आल्या तर लाटेवर डोलताना वरच्या आडव्या दांड्या एकमेकींत अडकतात आणि तारा तुटतात. म्हणून प्रत्येक बोट शेजारणीपेक्षा थोडी पुढे किंवा मागे बांधायची. हे बांधकाम बहुतेक मीच केलं.

रात्री गप्पा रंगल्या. गोव्यात शिडाच्या बोटीवर दोन माणसं जमली की विषय 'म्हादेई'वर जातोच. 2009-10 मध्ये दिलीप दोंदे जिच्यातून एकट्यानं पृथ्वीला वळसा घालून आले, ती 56 फुटी बोट मांडवीतल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या यार्डात बांधलेली. तीच घेऊन 2012-13 मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता फिरून आले. 'तारिणी'ही गोव्याचीच. 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा जणी तिच्यातून गेल्या आणि 2024-25 मध्ये दिलना आणि रूपा या दोघीच. आमच्यातल्या एका सद्गृहस्थांनी दक्षिण महासागरातल्या लाटांचं वर्णन असं केलं की जणू कालच जाऊन आले. त्यांची बोट अग्वादपलीकडे गेलेली मी तरी पाहिलेली नाही. पण मजा आली. अवसेची रात्र होती. बादली बुडवली की पाण्यात ठिणग्या उठत होत्या. झोपायला दीड वाजला. राखण माझ्याकडे होती, म्हणून मी डेकवरच पथारी टाकली.

पहाटे जाग आली ती वल्ह्यांच्या आवाजानं. नीट उजाडलंही नव्हतं. एक लहान होडी आमच्या पुढ्यात येऊन उभी. साठीपुढचा एक गृहस्थ उभ्यानं वल्हं धरून होता, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला.

'नुस्तें भितर सरलां!' तो म्हणाला. 'काडात तुमची बोटां!'

मासा आत शिरला होता. त्यानं हात केला तिकडे मी पाहिलं. आमच्या आणि किनाऱ्याच्या मध्ये, बेटाच्या बाजूला, पाण्याचा एक मोठा पट्टा गर्द दिसत होता आणि त्यावर नुसती शिरशिर चालू होती. वर पक्षी घिरट्या घालत होते. तारल्यांचा थवा. किनाऱ्यावर माणसं जमा होत होती, ताडपत्री निघाली होती, मोठ्या होडीत जाळं भरणं सुरू होतं.

रापणीचं गणित साधं आणि निर्दय आहे. जाळ्याच्या दोराचं एक टोक किनाऱ्यावर ठेवायचं. होडीनं अर्धवर्तुळ काढत जाळं पाण्यात सोडत जायचं आणि दुसरं टोक पुन्हा किनाऱ्याला आणायचं. मग दोन्हीकडून वीस-पंचवीस माणसं ओढतात. वरच्या काठाला तरंगणारे बोये, खालच्या काठाला शिशाची वजनं, आणि तो खालचा काठ तळाला घासत येतो. नाहीतर मासा खालून निसटतो. त्या अर्धवर्तुळाच्या ऐन मध्यावर आमच्या पाच बोटी बसल्या होत्या. थवा किती वेळ थांबेल हे कोणाच्याच हातात नसतं.

'धा मिन्टां द्या, दादानु,' मी म्हटलं. माझी मालवणी ऐकून त्याचा चेहरा जरा सैल झाला, पण वल्हं त्यानं ठेवलं नाही.

मोठ्या बोटीच्या मालकांना उठवलं. ते अनुभवी आहेत, परिस्थिती लगेच कळली. म्हणाले, 'दोराला बोया बांध आणि नांगर सोडून दे. नंतर येऊन उचलू.' घाईच्या वेळी हे बरोबरच असतं, पुस्तकात हेच सांगतात. पण तळाला घासत येणारं जाळं वाळूत रुतलेल्या 15 किलोच्या नांगरावर आलं तर? अख्ख्या वाड्याच्या मालकीचं जाळं, फाटलं की मोसम बुडाला. मी म्हटलं, 'नांगर वर घ्यावाच लागेल.' ते म्हणाले, 'पाच बोटींचं वजन आहे त्याच्यावर. आधी चार बोटी सोडवायला लागतील. अर्धा तास जाईल.'

अर्धा तास आमच्याकडे नव्हता. मात्र मतलई होती. ईशान्येकडून, अगदी मंद, मानेला गार लागेल एवढी. नांगराला बांधलेल्या बोटी वाऱ्याकडे तोंड करून उभ्या राहतात, म्हणजे आमची तोंडं जमिनीकडे आणि पाठ खुल्या समुद्राकडे होती. नांगर तळातून सुटला की वारा आम्हाला आपोआप बाहेर नेणार होता. मग बोटी सोडवायच्याच कशाला? जुडगा आहे तसाच जाऊ दे.

डॉक्टर आणि मी नाळेवर गेलो. वारा मंद असल्यानं दोर हातानं ओढता येत होता. पाच बोटी एक-एक वाव पुढे सरकत होत्या. साखळी हाताला लागली, दोर सरळ उभा झाला, आणि तिथे सगळं अडलं. नांगर घट्ट. अशा वेळी कंबर मोडेपर्यंत ओढू नये. मी साखळी ताठ करून क्लीटला, म्हणजे दोर बांधायच्या खुंट्याला, अडकवली आणि थांबलो. लाट आली, नाळ वर उचलली गेली, साखळी करकरली. दुसरी लाट. तिसऱ्या लाटेला नाळ अर्धा क्षण खालीच दबून राहिली, मग एकदम हलकी झाली. नांगर सुटला होता. ताणलेल्या दोरावर माणसांच्या हातांपेक्षा लाटेचा जोर कितीतरी जास्त.

आता सगळा जुडगा उलटा, वराम्याच्या म्हणजे मागच्या बाजूनं वाहायला लागला. उलटं जाताना सुकाणू मोकळं सोडलं तर ते गर्रकन फिरून आपटतं, म्हणून प्रत्येक बोटीवर कोणीतरी सुकाणू मध्यावर दाबून धरणं आवश्यक होतं. दोन बोटींवरची मंडळी अजून घोरत होती. डॉक्टरीणबाई नाइट ड्रेसमध्येच रेलिंग ओलांडून एकीवर गेल्या, मी दुसरीवर. वारा आम्हाला नैऋत्येला, दक्षिण टोकाच्या खडकांकडे नेत होता. दक्षिणेकडच्या शेवटच्या बोटीचं आऊटबोर्ड इंजिन खाली सोडलं, पाण्यात एखादा दोर लोंबत नाही ना ते पाहिलं, आणि अगदी हळू रिव्हर्समध्ये टाकलं. जुडग्याची ती बाजू मागे ओढली गेली, नाळा पूर्वेकडे वळल्या आणि पाठ बरोबर पश्चिमेला आली. पाच डोलकाठ्या, पंधरा फेंडर, झोपलेली चार माणसं आणि रात्रीची न घासलेली भांडी अशी सगळी वरात खुल्या समुद्राकडे निघाली.

रापणीची होडी आमच्या तोंडासमोरून गेली. वल्ही मारणारे सहा जण आणि मागे उभं राहून जाळं सोडणारे दोघे. आमच्याकडे बघायला कोणाला सवड नव्हती. एका बोटीच्या केबिनमधून एक गृहस्थ तोंडात ब्रश घेऊन वर आले, किनारा कुठे गेला ते बघितलं आणि काही न बोलता खाली गेले.

आठ मीटर पाण्यात पुन्हा नांगर टाकला. मी रबरी डिंगी घेऊन किनाऱ्यावर गेलो आणि दोराला हात लावला. रापण ओढताना पाय वाळूत रुतवून मागे-मागे जायचं असतं. मागच्या टोकाला पोचला की माणूस दोर सोडून पुन्हा पुढे पाण्याशी येतो. दीडेक तास हे चाललं. तारले चांगले मिळाले, सोबत थोडे बांगडे आणि बरीचशी जेलीफिश. वाटे पडताना तांडेल, म्हणजे रापणीचा म्होरक्या, माझ्याशी बोलला. मोसमाच्या सुरुवातीला कुठल्यातरी बोटीनं टाकून ठेवलेल्या नांगरावर त्यांचं जाळं फाटलं होतं. बोटवाला नंतर आला, नांगर उचलला आणि गेला. सत्तरच्या दशकात ट्रॉलरविरुद्ध रापणकार रस्त्यावर उतरले तेव्हा हा पोरगेला होता, वडिलांबरोबर पणजीला मोर्चाला गेलेला. त्या लढ्यानंतर 1980 चा कायदा झाला आणि यांत्रिक मासेमारीला किनाऱ्यालगतचं पाणी बंद झालं. 'ट्रॉलर तरी दिसता,' तो म्हणाला. 'तुमचो नांगर दिसना.'

बेटाच्या दक्षिण टोकापासून समोरच्या एका काळ्या खडकापर्यंत त्यानं हवेत रेघ ओढली. तिच्या बाहेर कुठेही थांबा, आत थांबायचं तर आधी फोन करा. ती रेघ मी नकाशावर पेन्सिलीनं काढून घेतली, नंबरही तिथेच लिहिला. त्यानं वाट्यातले दोन किलो तारले देऊ केले, मी पैसे दिले, त्यानं मोजून घेतले.

परतीचा प्रवास कंटाळवाणा झाला. वायव्येचा वारा सरळ तोंडावर, दिवसभर नागमोडी मारत बेतूलपर्यंतच पोचलो. मोठ्या बोटीच्या मालकांचं मत अजून बदललेलं नाही. नांगराला बोया बांधला असता तर रापणवाल्यांना तो दिसलाच असता, त्यांनी वळसा घातला असता, असं ते म्हणतात. त्यानंतर त्यांनी मला काम दिलेलं नाही. बाकीच्या चौघांनी नकाशाचा फोटो मागून घेतला, आणि गेल्या वेळी निघायच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी स्वतःच तांडेलाला फोन लावला. तो म्हणाला, उद्या नको, परवा या.