टाकीचा ओव्हरफ्लो आणि गायटन

१९८४ मध्ये अण्णांना बीपी निघालं तेव्हा मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला होते. सुट्टीत घरी गेले तर आल्यागेल्याला ते सांगत होते, "हार्ट कमजोर झालंय." मी ऐटीत म्हणाले, "अण्णा, हार्ट नाही, किडनी." हिची फी पाण्यात गेली, अशा नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हे खूळ गायटनने डोक्यात भरलं होतं, म्हणजे गायटन यांच्या फिजिऑलॉजीच्या (शरीराचं काम कसं चालतं त्याच्या) पाठ्यपुस्तकाने. सिनियर मुलीकडून निम्म्या किमतीत घेतलेली सहावी आवृत्ती, पाठीला दोनदा डिंक लावलेली. होस्टेलवर दोन तट होते, गॅनाँगवाले आणि गायटनवाले. गॅनाँग हे त्याच विषयाचं दुसरं पुस्तक, आटोपशीर, परीक्षेला बरं. गायटन मोठ्या भावासारखा शेजारी बसून समजावत राहायचा. एवढं जाडजूड पुस्तक म्हणजे लिहायला कमिटी असणार, असं वाटायचं. पहिल्या आठही आवृत्त्या गायटननी एकट्याने लिहिल्या, हे मी स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

आर्थर गायटन अमेरिकेतल्या मिसिसिपीचे, जन्म १९१९. हार्वर्डमधून डॉक्टर झाले, बोस्टनला सर्जरीची रेसिडेन्सी चालू असताना १९४६ मध्ये पोलिओ झाला. पाय आणि खांदे लुळे पडले, सर्जरी संपली. इथून पुढची गोष्ट लोक 'जिद्द' म्हणून सांगतात, मला त्याचा कंटाळा येतो. मला आवडतो तो वेगळाच तपशील: वॉर्म स्प्रिंग्ज या पोलिओच्या उपचार केंद्रात उपचार घेता घेता या गृहस्थांनी जॉयस्टिकवर चालणारी मोटरची व्हीलचेअर आणि रुग्णाला उचलायची यारी तयार केली. माणूस मुळात मिस्त्री! पुढे रक्ताभिसरणाकडेही त्यांनी मिस्त्रीच्याच डोळ्याने पाहिलं.

आमच्या सोसायटीच्या टाकीचं घ्या. मोटर कितीही वेळ चालू ठेवा, पाणी ओव्हरफ्लोच्या पाइपावर चढत नाही. हृदय ही मोटर, मूत्रपिंड हा पाइप. प्रेशर वाढलं की मीठ-पाणी जास्त बाहेर पडतं. २०० पर्यंत चढवलं तर लघवी सहा ते आठ पट होते. आत येणारं आणि बाहेर जाणारं मीठ सारखं होईपर्यंत हे चालूच राहतं. मग एखाद्याचं प्रेशर वर्षानुवर्षं चढलेलंच राहत असेल तर? तर त्याचा पाइपच वर बसलाय, असं गायटन म्हणत.

याचा प्रयोग चार कुत्र्यांवर झाला. मूत्रपिंडांचा साधारण ७० टक्के भाग काढून टाकला, तरी प्रेशर सरासरी ६ मिलिमीटरच (पाऱ्याच्या मापाने) वाढलं. मग प्यायला साध्या पाण्याऐवजी मिठाचं पाणी ठेवलं. त्याने तहान भागेना, कुत्री नेहमीच्या दुप्पट-चौपट पीत सुटली आणि थोड्याच दिवसांत प्रेशर ४० ने वर! साधं पाणी परत दिलं, दोन दिवसांत खाली. हा आलेख मी २७ वर्षं दर बॅचला फळ्यावर काढला. त्या कुत्र्यांचं वाईट आता वाटतं, तेव्हा वाटलं नव्हतं.

१९७२ मध्ये कोलमन आणि ग्रेंजर या सहकाऱ्यांसोबत त्यांनी सगळ्या रक्ताभिसरणाचा एकच नकाशा छापला, शेकडो चौकटी आणि बाणांचा. त्याची झेरॉक्स माझ्या केबिनच्या भिंतीवर होती. पंखा दुरुस्त करायला आलेला वायरमन बराच वेळ बघत उभा राहिला. मग म्हणाला, "मॅडम, हे कुठल्या बिल्डिंगचं?"

सगळ्यांना हे गणित पटलेलं नाही. मज्जासंस्थेकडे बोट दाखवणारे आजही वाद घालतात, आणि मज्जातंतूंना गायटननी जरा कमीच लेखलं असं माझंही मत झालंय. पण लघवीच्या गोळीने बीपी का उतरतं, हे त्यांच्याइतकं सोपं करून मला कुणी सांगितलं नाही.

२००३ मध्ये मोटार अपघातात ते गेले. त्यांची दहाही मुलं डॉक्टर. आमच्या घरात मी एकटी, तीही अण्णांच्या भाषेत 'सुई न देणारी डॉक्टर'.

अण्णांना तीच लघवीची गोळी सुरू झाली होती. महिन्याभराने त्यांचं पत्र आलं: गोळी घेतल्यावर रात्री तीनदा उठावं लागतं, तेव्हा तुझं किडनीचं खरं असावं. मी कळवलं, गोळी सकाळी घ्या आणि लोणचं बंद करा. गोळी सकाळवर आली. लोणच्याची बरणीही त्यांनी आईला सगळ्यात वरच्या फळीवर ठेवायला लावली. दिवाळीला गेले तेव्हा फळीखाली स्टूल होतं.