आमची वाटचाल: भांड्यांच्या भाड्यापासून समुद्रकाठच्या लग्नापर्यंत

टोप, पराती आणि खुर्च्या भाड्याने देण्यापासून आमचा व्यवसाय सुरू झाला. मग मांडव आला, जेवण आलं आणि आता किनाऱ्यावरच्या अख्ख्या लग्नाची आखणी आम्ही करतो. या वाटेवर आमच्या कामात मोठा बदल केला तो भरती आणि वाऱ्याने.

यजमान मुहूर्त घेऊन आले की आम्ही आधी तिथी विचारतो. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून भरती सहाच्या सुमारास, म्हणजे दुपारी सव्वाबाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. त्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला किनारा ऐसपैस दिसतो आणि तिथेच फसगत होते. गोरज मुहूर्त नीट पार पडतो, पण नऊला पंगत बसते तेव्हा पाणी चढत असतं आणि तेही उधाणाचं. म्हणून विधी खाली वाळूत केले तरी जेवण वरच ठेवावं. काटक्या-शेवाळाची रेघ ही कालच्या भरतीची. उधाण तिच्याही वर येतं. वाळूवर पसरणारी मर्यादवेल जिथे सुरू होते, त्याच्या खाली आम्ही पंगत मांडत नाही. ग्रामपंचायतीची आणि बंदर खात्याची परवानगी मात्र त्याआधी हातात हवी.

फेब्रुवारी ते मेमध्ये दुपारनंतर वायव्येचा वारा जोर धरतो. समोरची बाजू उघडी आणि मागची कनात बंद असली, की मांडवाचं शीड होतं. एकतर दोन्ही बाजू मोकळ्या ठेवाव्या, नाहीतर वाऱ्याची बाजू बंद करून मागची उघडावी. वाळूत खुंटी धरत नाही. वाळूने भरलेली पोती दोन-तीन फूट खोल आडवी पुरून त्यांना दोर बांधतो. घरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, खाली जांभा दगड असतो, तिथे खुंटी शिरतच नाही. तिथे प्रत्येक खांबाला दोनशे लिटरचं पाण्याने भरलेलं पिंप, म्हणजे दोनशे किलोचं वजन.

होमाचा धूर हा तसाच विसरला जाणारा भाग. वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात, वारा त्यांच्या पाठीकडून येतो आणि धूर आग्नेयेला जातो. खुर्च्या समोर न लावता उत्तरेच्या अंगाला लावल्या तर पाहुण्यांचे डोळे चुरचुरत नाहीत.

शंभर पानांना सोलकढी पंधरा लिटर लागते. आमसुलं अर्धा तास भिजत घालावीत आणि नारळाचं दूध पंगतीच्या तासभर आधीच काढावं; उन्हाळ्यात ते लवकर आंबतं. कोकमाचं पाणी आणि दूध शेवटी एकत्र करायचं, तेही स्टीलच्याच भांड्यात. अॅल्युमिनियमच्या टोपात आंबट पदार्थ ठेवला की चव बिघडते. लाऊडस्पीकर रात्री दहाला बंद करावा लागतो, त्यामुळे वरात असेल तर ती जेवणाआधी काढावी.