‘गरमीचं इंजेक्शन’ मारूनही जनावर का उलटतं?

गाय माजावर येत नाही, किंवा उलटते म्हणजे रेतन करूनही गाभण राहत नाही, म्हटलं की गोठ्यात पहिली मागणी इंजेक्शनची होते. इंजेक्शनं चांगलीच आहेत, पण ती नेमकी कोणाला हुकूम देतात हे ठाऊक नसेल तर पैसे आणि माजाच्या एका फेरीचे २१ दिवस दोन्ही वाया जातात.

यातल्या मुख्य इंजेक्शनाचा हुकूम जातो पिट्युटरीला. मेंदूच्या बुडाशी, हाडाच्या खोबणीत बसलेली ही ग्रंथी माणसात जेमतेम अर्ध्या ग्रॅमची असते. तिच्यातला एफएसएच हा हार्मोन फॉलिकल, म्हणजे अंडाशयातली बीजाची पिशवी, वाढवतो आणि पिकलेला फॉलिकल एलएच या दुसऱ्या हार्मोनमुळे फुटून बीज सुटतं. तिला वरून, मेंदूतल्या हायपोथॅलॅमसकडून, जीएनआरएच हे हुकमाचं हार्मोन मिळतं, तेही ठोक्याठोक्यानं. १९७८ साली ऱ्हीसस माकडांवर हे स्पष्ट दिसलं. तासाला एक ठोका दिला की एलएच, एफएसएच व्यवस्थित सुटायचे. तेच औषध सलग चालू ठेवलं की ग्रंथी गप्प व्हायची. त्यामुळे मात्रेइतकीच वेळही महत्त्वाची.

म्हणून ओव्हसिंक, म्हणजे ठरल्या वेळी सुया देऊन ठरल्या वेळी रेतन करायची पद्धत, करताना घड्याळ पाळावंच लागतं. सोमवारी सकाळी ८ ला बुसेरेलिन (जीएनआरएचसारखंच औषध) १० मायक्रोग्रॅम. तयार फॉलिकल असेल तर तो फुटतो आणि फॉलिकलची नवी लाट सुरू होते. पुढच्या सोमवारी सकाळी ८ ला क्लोप्रोस्टेनॉल ५०० मायक्रोग्रॅम, म्हणजे पीतपिंड (फॉलिकल फुटल्यावर तिथे उरणारी, माज रोखून धरणारी गाठ) विरघळतो. बुधवारी दुपारी ४ ला पुन्हा बुसेरेलिन. गुरुवारी सकाळी ८ ते दुपारी १२ च्या दरम्यान रेतन, माज दिसो वा न दिसो. बुधवारची सुई ‘जमलं तर संध्याकाळी’ आणि रेतन ‘डॉक्टर आले की’ असं झालं, तर आधीच्या दोन्ही सुया फुकट गेल्या असं समजा.

क्लोप्रोस्टेनॉल पिट्युटरीवर नाही, थेट पीतपिंडावर काम करतं. पीतपिंडच नसेल, किंवा माज होऊन पाचच दिवस झाले असतील, तर काही होत नाही. जनावर गाभण असेल तर मात्र गर्भ पडतो. आधी तपासणी, मग सुई. हे औषध कातडीतूनही शोषलं जातं, म्हणून गरोदर बाईनं किंवा दमेकऱ्यानं ती बाटली हाताळूच नये.

आणि हडकुळ्या जनावराचं काय? व्याल्यानंतर दूध जास्त आणि खाणं कमी असलं की एलएचचे ठोकेच मंदावतात. फासळ्या मोजता येत असतील तर आधी ढेप, हिरवा चारा, खनिज मिश्रण. सुईचं नंतर बघू. हे ऐकायला कुणाला आवडत नाही, पण माझ्या मते निम्मं काम इथेच आहे.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की म्हशीचं आणखी अवघड होतं. उष्णतेनं एलएच कमी पडतो, फॉलिकल नीट पिकत नाही, इस्ट्रोजेन तोकडं राहतं, म्हणून म्हैस रेकत नाही, सोटही (माजाचा चिकट स्राव) नीट टाकत नाही. हाच मुका माज. तो रात्री १० च्या सुमारास आणि पहाटे ५ ला बघा, भर दुपारी नाही. दुपारी अंगावर पाणी मारा किंवा डुंबायला सोडा.

माणसातही हीच ग्रंथी, हेच हार्मोन. एलएच उसळल्यावर साधारण ३६ तासांत बीज सुटतं. ते उसळणं लघवीच्या पट्टीवर दिसतं, म्हणून मूल हवं असेल तर पट्टी उमटली त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी संबंध ठेवावा. पाळी लांबते, मूल राहत नाही आणि प्रोलॅक्टिन, म्हणजे पिट्युटरीचंच दूध आणणारं हार्मोन, वाढलेलं आहे, अशा वेळी लगेच पिट्युटरीच्या एमआरआयकडे धावू नका. आधी गोळ्यांचं पाकीट बघा: ॲसिडिटीच्या कित्येक गोळ्यांत डॉमपेरिडोन असतं आणि ते प्रोलॅक्टिन वाढवतं. थायरॉइडही तपासा. मात्र सोबत डोकेदुखी असेल किंवा बाजूचं दिसेनासं झालं असेल, तर एमआरआय लांबवू नका.

जिममध्ये टेस्टोस्टेरॉन टोचून घेणाऱ्या पोरांना तर कुणी सांगतच नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की पिट्युटरी एलएच, एफएसएच बंद करते, वृषणं आकसतात, शुक्राणू शून्यावरही येतात. बंद केल्यावर बहुतेकांचं परत येतं, पण कित्येक महिने लागतात. लग्न ठरलेल्या मुलानं सुई थांबवून वीर्य तपासणी करून घ्यावी आणि अहवाल खराब आला तर तीन महिन्यांनी पुन्हा करावी, कारण नवा शुक्राणू तयार व्हायलाच साधारण अडीच महिने जातात.